दोघींचा कोयता

बलभीम : ...तर आता पोरीला शाळंतनं आणा. गाडी भरत आलीय, ड्रायव्हर हॉर्न वाजवून बेजार झालाय. येरमाळ्याला येडाईच्या पायऱ्यांपाशी गाडी उभी करतो. श्रीपतीची माणसं तिथं हार घेऊन थांबल्यात. दोन हार, मूठभर अक्षता, आन गाडी फुडं. लगीन बी झालं आन कोयता बी पुरा झाला.

धुरपदा : मुकादम, मला एकटीला न्या म्हनलं तवा काल तुमी बघू म्हनला व्हता. त्या एका शब्दावर रात काढली म्या.

बलभीम : काल बघू म्हणलो, आज बघितलं. माझ्या टोळीत एक कोयता कमी पडतोय.

धुरपदा : म्या हाय की.

बलभीम : तू अर्धा कोयता हायस, धुरपदा.

पुतळाबाई : बोल, बोल. घरातला मानूस मेला की आमी रांड. मुकादमाच्या जिभंवर अर्धा कोयता. तेवढीच इज्जत वाढली.

बलभीम : पुतळावैनी, तुमी मधी पडू नका. पोरगी धाकटीची हाय, बोलणं धाकटीसंगं चाललंय. तुमी आपलं तिथं गाठोड्यावर बसा निवांत.

पुतळाबाई : बसलेच हाय. बसल्या बसल्या कान उघडे ऱ्हात्यात त्याला काय करू?

धुरपदा : मुकादम, आवो गुलाबला आत्ता तेरावं लागलंय. कळंबला जाताना कंडक्टर तिचं अजून हाफ तिकीट फाडतो, इवली बारीक हाय ती. ती काय ऊस तोडंल?

बलभीम : कंडक्टरचं कंडक्टरपाशी. माझ्याकडं हाफ-फुल न्हाय. श्रीपती तोडील, ती मोळ्या बांधील. दोन महिन्यात हाताला वळण पडतं. तुला बी पडलं व्हतं का न्हाय?

धुरपदा : मला पडलं. म्हून तर म्हनते.

बलभीम : आन तुला कुठं मागं ठिवतोय म्या? तू बी चल. कोप्यांवर, झोपडीत टोळीच्या भाकरी बडव, लेकीच्या नजरंसमोर ऱ्हा. हितं ऱ्हाऊन काय करणार हायस? हिरीत गाळ हाय, ज्वारीचं वाळून बाटूक झालं. बहात्तर सालात निदान खडी फोडायला मिळत व्हती. औंदा तर सरकारच्या कागदावर पाऊस पडलाय.

धुरपदा : मास्तर म्हनलं, गुलाब एक दिस बी गैरहजर न्हाय. सातवीच्या परीक्षेला बसू द्या म्हनलं. मास्तर सोता घरी आलते वो. उंबऱ्यात उभं ऱ्हाऊन बोलले.

बलभीम : मास्तरला पगार हाय, तो उंबऱ्यात उभा ऱ्हाऊन बोलू शकतो. मला कोण हाय? कारखान्याच्या शेतकी साहेबानं तोंडावर सांगितलं, बलभीम, औंदा अर्धे कोयते चालणार न्हायत. मागल्या साली अर्ध्यांनी गाड्या भरायला रात केली, सभासदांचा ऊस वाळला, चेअरमनपातूर तक्रार गेली. कोयते पुरे न्हायत तर गाडी दुसऱ्या मुकादमाला. आता त्या ट्रकात बघ कोण कोण बसलंय. दगडोबा बसलाय, त्याची म्हातारी बसलीय, लक्ष्मीबाई चार लेकरं घिऊन बसलीय. एका कोयत्यापायी समद्यांना खाली उतर म्हणू का? तू म्हणतीस का जाऊन?

धुरपदा : म्या कशाला म्हनू...

पुतळाबाई : सहकारी कारखाना म्हनत्यात न्हवं त्याला?

बलभीम : व्हय. का?

पुतळाबाई : न्हाय, इचारलं. ऊसवाला तो सभासद. खुर्चीवर बसतो तो चेअरमन. साखरंचं पोतं उचलतो तो हमाल. आमी तेवढे कोयते. समद्यांना मानसांची नावं हायती, आमाला अवजाराचं.

बलभीम : अवो वैनी, ते काय म्या काढलं का? कामाची बोली हाय ती. गवंड्याची गवंड्यापाशी, सोनाराची सोनारापाशी. एक कोयता म्हणलं की समोरच्याला कळतं, नवरा-बायकोची जोडी आली. गडी तोडणार, बाई बांधणार, गडी मोळी घिऊन फळीवरनं ट्रकात चढणार. एका शब्दात काम व्हतंय. कुणाचा अपमान करायला काढलेला शब्द न्हाय तो.

पुतळाबाई : ठावं हाय. मला तुझ्या बापानं शिकवलीय ती बोली. तो मुकादम व्हता तवा तू नाक पुसत कोप्यांवर फिरायचास.

बलभीम : आता जुनं काढू नका. येळ न्हाय.

पुतळाबाई : येळ न्हाय म्हून तर काढते. धुरपदे, तुला या घरात का आनली, ठावं हाय का तुला?

धुरपदा : आक्का, आत्ता कशाला ते... तुमाला लेकरू न्हवतं म्हून आनली.

पुतळाबाई : तसं गावाला सांगितलं. तुझ्या बापाला बी तसंच सांगितलं. मला लेकरू राह्यलं व्हतं. सातवा चालू व्हता. उसात व्हते म्या, वाकून मोळी बांधाया गेले आन तिथंच पाचटावर समदं झालं. पोरगी व्हती. तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. डाक्टर नर्सला म्हनला, ही केस आत घ्या. म्या केस झाले. ह्याचा बाप दोन दिसांनी आला, मला वाटलं बघाया आला. तो आपल्या मानसाला म्हनला, हिचा खाडा लाव. आन आपले मालक बाहीरच्या बाकड्यावर डोकं धरून बसले व्हते. ते काय म्हनले सांगू?

धुरपदा : नका सांगू, आक्का.

पुतळाबाई : म्हनले, माझा कोयता अर्धा पडला. डाक्टरचं बरोबर व्हतं, मुकादमाचं बरोबर व्हतं, मालकाचं बी बरोबर व्हतं. ज्याच्या-त्याच्या कामाचा शब्द जो-तो बोलला. लेकरू मेलं म्हनाया तिथं कुनीच न्हवतं.

बलभीम : वैनी... मला हे ठावं न्हवतं.

पुतळाबाई : तुला कशाला ठावं असंल? तुमच्यात खाडा म्हनलं की सरलं. डाक्टर म्हनला, साल-दोन साल वाकायचं काम नको. मालकांना फुडल्या हंगामाला पुरा कोयता पायजे व्हता. तुझ्याच बापानं हिचं घर दावलं. ही आली तवा गुलाबएवढीच व्हती. परकर सावरत मापटं लवंडलं हिनं. म्या ओवाळाया दारात उभी ऱ्हायले न्हाय. मला वाटलं, ही माझी जागा घेयाला आली.

धुरपदा : आक्का, एवढी सालं झाली, कदी बोलला न्हाईत.

पुतळाबाई : बोलले असते तर तुला शिव्या कशा देता आल्या असत्या?

बलभीम : हे बघा, जे झालं ते वंगाळ झालं. म्या हात जोडतो. पण आज माझ्या म्होरं आजचा सवाल हाय. श्रीपती पोरगा चांगला हाय. पीत न्हाय, मारणार न्हाय. म्या जिम्मा घेतो.

पुतळाबाई : तुझ्या बापानं बी घेतला व्हता. बलभीमा, मला एक सांग. ही अर्धा कोयता. म्या कोन?

बलभीम : तुमी... तुमी बी तशाच. पण तुमचं वय झालं, कंबर गेलेली हाय.

पुतळाबाई : कंबरंचं म्या बघते. ही अर्धी, म्या अर्धी. दोन अर्ध्यांचं काय व्हतं?

बलभीम : दोन अर्धे कोयते व्हत्यात.

पुतळाबाई : आरं, भाकरीचं दोन अर्धं जोडलं तर एक भाकर व्हती. शेराचं व्हतं, पायलीचं व्हतं. आमचंच का व्हत न्हाय?

बलभीम : दोन बायांचा कोयता नसतोय, वैनी. तसं कुणी म्हणत न्हाय. कारखान्यावर म्या काय सांगू? हसतील मला.

पुतळाबाई : हसू देत. हसून झालं की ऊस तोडायला देतील.

धुरपदा : आक्का, तुमाला खाली बसलं तर उठवत न्हाय...

पुतळाबाई : तू गप. तोडायचं तू, बांधायचं म्या. वाकून न्हाय आलं तर गुडघ्यावर बसून बांधीन. मोळी बांधाया उभं ऱ्हावं लागतंय, असं कुनी म्हनलंय? गडी मानसं आपल्या सोयीनं म्हनत्यात, बाया ऐकत्यात.

बलभीम : आन गाडी कोण भरणार? मोळी डोक्यावर घिऊन फळीवरनं चढायचं म्हणजे खेळ न्हाय. खाली दव पडलेलं असतं, फळी निसरडी झालेली असती. चांगले-चांगले गडी पडत्यात. तुमा दोघींपैकी कोण चढणार?

धुरपदा : म्या चढते.

बलभीम : तोंडानं समदेच चढत्यात.

धुरपदा : त्या ट्रकाला फळी लावलीच हाय न्हवं? ते ज्वारीचं अर्धं पोतं खाली पडलंय, ते कुनाचं?

बलभीम : टोळीचं हाय. दगडोबा चढवणार हाय.

धुरपदा : दगडोबाला म्हनावं, बस. म्या चढवते.

बलभीम : धुरपदा, उगं काही तरी करू नको. पाय मोडून घेशील, मंग ना ही ना ती.

धुरपदा : गुलाबला आनाया शाळंत जायचंच हाय तर थोडं थांबून जाता येईल की. तेवढं बघा. मला न्हाय जमलं तर म्या सोता तिला हाताला धरून आनते. शबूद हाय माझा.

पुतळाबाई : धुरपदे, असा शबूद देऊ नको.

धुरपदा : दिला, आक्का. पोतं उचलाया हात लावा.

(धुरपदा डोक्यावर अर्धं पोतं घेऊन ट्रकाला लावलेल्या फळीवर चढू लागते. ट्रकातली माणसं कडेला येऊन बघू लागतात.)

बलभीम : दगडोबा, फळीचं टोक धरून ठिव रं.

पुतळाबाई : धरू नको, दगडोबा. फडात कोन धरनार हाय? धुरपदे, खाली बघू नको.

धुरपदा : आक्का, फळी हालतीया.

पुतळाबाई : हालू दे. तिचं कामच हाय ते. तू मानंला ताठ धर. पाय आडवा टाक, आडवा. बोटं रुतीव.

धुरपदा : डोळ्यासमोर काजवे चमकायलेत.

पुतळाबाई : सकाळपासनं पोटात काय न्हाय म्हून चमकायलेत. काल भाकर गुलाबला दिलीस, म्या बघितलं. चल. आनखी एक पाऊल. घरात पान्याचा हंडा घिऊन माझ्या म्होरं नाक वर करून जायाचीस, तशी चल.

धुरपदा : हसवू नका, आक्का. पडंन म्या.

पुतळाबाई : पडलीस तर बघ. आता एकच ऱ्हायलं. टाक आत. टाक.

बलभीम : ...घ्या रे ते पोतं. बाईला हात द्या. आरं बघत काय बसलाव, हात द्या तिला.

पुतळाबाई : काय, मुकादम? झाला का न्हाय?

बलभीम : एक पोतं चढवलं म्हणून काय हंगाम निघत न्हाय, वैनी. सहा महिने हाय हे. रातची गाडी आली तर रातच्याला भरायचं.

पुतळाबाई : तेरा सालाच्या पोरीपेक्षा तरी बरं भरू का न्हाय, तेवढं सांग.

बलभीम : ...आन पोरगी? तुमी दोघी गेलात तर पोरगी कुणापाशी ऱ्हाणार? वयात येणारी पोर एकटी घरात ठिवणार हाव का? म्हणून तर लोक लगीन लावून मोकळं व्हत्यात. म्या काय दुश्मन हाय का तिचा?

धुरपदा : बालवाडीच्या कमलबाई म्हनल्यात, तुला कामाला जावं लागलं तर पोर माझ्याकडं ठिव, शाळंतनं म्याच नेते. त्यांची लेक हाय गुलाबच्याच वर्गात. दोघी संगं अभ्यास करत्यात. शाळंत सुकडी मिळती, सांजची भाकर त्या घालतील.

बलभीम : कमलबाई? भीमनगरात? आगं, पोरगी त्यांच्या घरात जेवणार, झोपणार? गावातली माणसं काय म्हणतील? उद्या कुणी सोयरीक जोडणार न्हाय.

पुतळाबाई : आज येरमाळ्याच्या पायऱ्यांपाशी जोडायलाव की तुमी. तशी सोयरीक न्हाय जुळली तर न्हाय जुळली. गावातल्या किती मानसांनी म्हनलं, पोर आमच्याकडं ठिवा? तू म्हनलास? एकट्या कमलबाई म्हनल्या. आन त्यांनी पोरीला पोर म्हनलं, दुसरं काय म्हनलं न्हाय.

बलभीम : तुमच्या तोंडाला लागायची सोय न्हाय बघा.

धुरपदा : मुकादम, पाया पडते. आमाला न्या.

बलभीम : पाया पडू नको. ऊठ. ऊठ म्हणतो न्हवं. ...ठीक हाय. नेतो. पण माझी बी एक अट हाय, ती आत्ताच ऐका, मागनं रडायचं न्हाय. दोघींपैकी एक जरी कामावरनं बसली, तरी कोयता मोडला. मला जोडीच लागंल. मंग म्या श्रीपतीला सांगावा धाडणार आन पोरीला आणणार. तवा मला ही समदी कहाणी पुन्हा सांगायची न्हाय.

धुरपदा : म्हंजी आमाला आजारी पडायचं न्हाय.

बलभीम : न्हाय.

पुतळाबाई : मरायचं बी न्हाय.

बलभीम : वैनी, म्या गमतीनं बोलत न्हाय.

पुतळाबाई : म्या बी न्हाय. कबूल हाय. तुझ्या गळ्याला साहेबाचा फास, आमच्या गळ्याला तुझा. कुनाकडं तरी दोर असनारच. चल, नाव लिवून घे.

बलभीम : पुन्हा तीच पंचाईत. कोयत्याला पयलं नाव गड्याचं लागतं. तुमच्या मालकाचं, भीमाशंकरदादाचं लावायचं तर ते गेलेत, समद्या कारखान्याला ठावं हाय. काय लिहू?

पुतळाबाई : माझं लिव.

बलभीम : गडी म्हणून?

पुतळाबाई : व्हय. हिच्यापेक्षा थोरली हाय. मालक गेल्यापासनं हिला बोल लावायचं, चुलीम्होरनं उठवायचं, ताटात कमी वाढायचं, समदं म्याच केलंय. गडी व्हायला आनखी काय लागतं?

धुरपदा : आक्का...

पुतळाबाई : काय आक्का? एवढी सालं तुझी सवत व्हते. आता सहा महिने नवरा. कुंकू मात्र लावू नको, लोक खरंच मानतील.

बलभीम : दगडोबा हसायलाय बघा वर. हसू नको रं. बसा मागं, दोघी बी. ड्रायव्हर, काढ गाडी. येरमाळ्याला थांबायचं खरं, पण श्रीपतीच्या माणसांशी म्या एकटा बोलतो. तुमी तोंड दावू नका, उगं भांडण निघंल.

धुरपदा : मुकादम, शाळंपाशी जरा थांबवा. गुलाबला काय म्हाईत न्हाय. सकाळी गेली तवा म्या म्हनलं, सांजच्याला शेंगदान्याची चटनी करते.

बलभीम : थांबायचंच हाय. शाळंच्या हापशावर ड्रायव्हर पाणी घालणार इंजिनात. पण तेवढंच. तुमी उतरायचं न्हाय.

पुतळाबाई : सर तिकडं. त्या डब्याला टेकू नको, लक्ष्मीबाईचं तेल हाय. ...आली बघ शाळा.

धुरपदा : आक्का, सातवीचा वर्ग वऱ्हांड्यात बसलाय. पाठमोरी लाल रिबिन दिसती का? तीच ती. हाक मारू?

पुतळाबाई : नको.

धुरपदा : एकदाच. नुसतं सांगते, कमलमावशीकडं जा म्हून.

पुतळाबाई : कमलबाई सांगतील. खाली बस तू.

धुरपदा : तोंड तरी बघू द्या तिचं.

पुतळाबाई : आगं, तू तिला दिसलीस तर पाटी टाकून पळत येईल ती. गाडीला लोंबकळंल. मंग तिला खाली ढकलायचं मला जमायचं न्हाय, तुला तर न्हायच न्हाय. बस खाली. चटईच्या आड हो. डोकं खाली घे.

धुरपदा : घेतलं. लई वंगाळ वाटतंय, आक्का. माझ्याच लेकराला चोरून जायलेय म्या.

पुतळाबाई : म्या बी खालीच हाय. हात दे हिकडं. चटईचं हे टोक घट धर.

धुरपदा : धरलं, आक्का.

पुतळाबाई : सोडू नको. ...काय चाललंय तिकडं? मास्तर काय वरडायलाय? मला एका कानानं नीट येत न्हाय.

धुरपदा : दुपारची सुट्टी सरली. हजेरी घ्यायलेत.

पुतळाबाई : गुलाबचं नाव आलं का?

धुरपदा : न्हाय अजून. कमलबाईच्या लेकीचं झालं. ...थांबा. आलं.

पुतळाबाई : काय म्हनली ती?

धुरपदा : हजर म्हनली.